पुढच्या खुर्चीला फक्त कान

आमच्या विमानात मागे बसणाऱ्याला तोंड होतं आणि पुढे बसणाऱ्याला फक्त कान. विमानाची रचनाच तशी होती. सैन्यातल्या नव्या मुलांना उडायला शिकवण्यासाठी युद्धाच्या आधी बांधलेलं ते विमान. एकावर एक दोन पंख, सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, डोक्यावर छप्पर नाही. मागे शिक्षक, पुढे शिकाऊ आणि मधून गेलेली एक रबरी नळी. नळीच्या मागच्या टोकाला शिक्षकाचं तोंड, पुढच्या टोकाला शिकाऊचे दोन कान. शिकाऊ काही बोलेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे उलट दिशेने जाणारी नळी बसवलेलीच नव्हती. मी दाढ दुखत असतानाही गप्प न बसणारा माणूस. मला त्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून दोन हजार फूट वर नेलं गेलं, आणि तेही शर्यतीत. त्या दिवशी माझ्याजवळ सांगण्यासारखं जेवढं होतं तेवढं आयुष्यात पुन्हा कधीच नव्हतं.

हे एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं. मी कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होतो. म्हणजे एका बोगद्यात हवा सोडायची आणि ती कुठे कशी वळते ते वहीत लिहायचं. शहराच्या कडेला एका जोडप्याच्या घरात वरची खोली मिळाली होती. घरमालक साठीला टेकलेले. त्या दोघांना काका-काकू म्हणायचा मी प्रयत्न केला, पण पहिल्या शब्दाचा तिकडच्या लहान मुलांच्या भाषेतला अर्थ मला दुसऱ्याच दिवशी कळला आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. युद्धाच्या काळात त्यांनी मुलांना विमान चालवायला शिकवलं होतं, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला बाई. मास्तर मला ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. डॉक्टरेट निदान तीन वर्षं लांब आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पोटासाठी मास्तर तळघरात शिवणयंत्रं दुरुस्त करत. तिळाएवढा स्क्रू दोन बोटांत धरून, चष्म्याशिवाय, ते जागच्या जागी बसवत आणि वर माझ्याकडे बघत. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांविषयी शंका यायला मला काही कारणच नव्हतं.

जीव मात्र त्यांचा विमानात होता. युद्ध संपल्यावर दहा वर्षं जर्मन माणसाला इंजिनाचं विमान उडवायला बंदी होती. ती उठल्यावर मास्तरांसारख्या काहीजणांनी मिळून एक क्लब काढला आणि शेजारच्या देशांत उरलेली ही जुनी शिकवणीची विमानं एकेक करून गोळा केली. दर सप्टेंबरात एका रविवारी त्यांची शर्यत होई. तीन गावांतल्या तीन चर्चच्या मनोऱ्यांना वळसे घालून परत यायचं. सगळ्यांत हळू विमान आधी सोडायचं, सगळ्यांत वेगवान शेवटी, आणि मधलं अंतर असं ठरवायचं की हिशेब बरोबर असेल तर सगळी विमानं एकदमच परत पोचावीत. मला हे ऐकून फार गंमत वाटली. शेवटच्या मनोऱ्याजवळ पाच विमानांची गर्दी व्हावी म्हणूनच हा सगळा खटाटोप, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

आता माझी चूक सांगतो. ती आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते.

त्या वर्षी मे महिन्यात रोज सकाळी न्हाणीघरातून मास्तरांचा आवाज येऊ लागला. दाढी करता करता ते अक्षरं म्हणत. ‘एफ, त्सेट, बे, दे, एल,’ मग अडखळत, मग पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. चुकलं की वडील नुसते खाकरत. कोणी पाठांतरात अडखळलेलं मला आजही ऐकवत नाही. तिसऱ्या दिवशी मी दारावर टकटक केली.

‘मास्तर, हे काय पाठ करताय?’

‘वय झालं, हेर डॉक्टर. स्मरणशक्तीचा व्यायाम.’

‘असा नाही करत व्यायाम. ओळीला चाल लागते. आधी मी म्हणतो, मग तुम्ही.’

आणि मी शिकवलं. सहा ओळी होत्या. प्रत्येक ओळीला मी ठेका दिला, वरून खाली म्हणायला लावलं, खालून वर म्हणायला लावलं, मधूनच बोट दाखवून ‘चौथी ओळ, तिसरं अक्षर’ विचारलं. पंधरा दिवसांत मास्तर तयार. बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, ‘दोघंही वेडे.’ जूनमध्ये एके दिवशी मास्तर शहरातून आले, माझ्यासाठी मनुका घातलेला केक घेऊन. उड्डाणाच्या परवान्याची तपासणी पार पडली, म्हणाले. मी अभिनंदन केलं आणि केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

त्याच आनंदात त्यांनी मला तळघरातल्या बटाट्याच्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो. मास्तरांनी काट्याकडे असं पाहिलं की मला आयुष्यात प्रथमच आपण देखणे आहोत असं वाटलं. शर्यतीत पुढच्या खुर्चीत एक साथीदार लागतो, आणि तो जितका हलका तितकं बरं. मी ‘हो’ म्हणालो. त्या वयात मी वडीलधाऱ्यांना ‘हो’ सोडून काही म्हणतच नसे, मग प्रश्न कोणताही असो.

साथीदाराच्या डोळ्यांचंही प्रमाणपत्र द्यावं लागे. शर्यतीला तीन आठवडे असताना मला क्लबच्या ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवलं. अंधारी खोली, उंच खुर्ची. डॉक्टरांनी समोरचा तक्ता उजळला आणि वाचायला सांगितलं. पहिली ओळ मी वाचली. दुसरी वाचली. तिसरी मी म्हटली. चौथी, पाचवी, सहावी, ठेक्यात, मांडीवर बोटांनी ताल धरून.

‘उत्तम,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण शेवटच्या दोन ओळींचा दिवा मी अजून लावलेला नाही.’

मी हसलो. माझा हात मांडीवर तसाच थांबला होता. भारतात आम्हाला अंधारात वाचायची सवय असते असं काहीतरी मी बोललो. डॉक्टरही हसले, दिवा लावला, आणि मी त्या ओळी खरोखर वाचून दाखवल्या. बाहेर आल्यावर ट्रामच्या थांब्यावर मी तीन ट्राम सोडल्या.

घरी आलो तो थेट तळघरात. मास्तर एका यंत्रावर वाकले होते.

‘मास्तर, खिडकीबाहेर समोरच्या घराच्या दाराचा रंग कोणता?’

‘हिरवा.’

‘या आठवड्यात त्यांनी तो पांढरा केला.’

मास्तरांनी स्क्रू खाली ठेवला. मग म्हणाले, ‘आल्झो, तर मग. बसा.’

त्यांनी सांगितलं ते असं. जवळचं सगळं स्वच्छ दिसतं, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. समोरची घड्याळं, पंखाची कड, उतरताना खालचं गवत, सगळं. दूरचं मात्र दूध झालंय. दीड वर्षापासून. मनोरा दिसतो तो जवळ आल्यावर.

‘आणि दुसरं विमान?’

‘तेही जवळ आल्यावर.’

‘किती जवळ?’

‘म्हणून तर तुम्ही आहात. तुमचे डोळे आहेत. मला ही एक शर्यत उडवू द्या. दहा वर्षं मी जमिनीवर बसून काढली आहेत. शर्यत झाली की परवाना मी स्वतः नेऊन देतो. शब्द देतो. तुम्हीही द्या.’

या ठिकाणी कोणताही जर्मन मुलगा ‘नाइन’, म्हणजे नाही, म्हणाला असता आणि जेवायला वर गेला असता. समोर साठीचा माणूस, त्यातून मास्तर, त्यातून त्यांच्या या पापात माझा ठेका. मी शब्द दिला.

मग आमची तालीम सुरू झाली. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या एकामागे एक. पुढे मी, मागे मास्तर. मला बोलता येणार नव्हतं, म्हणून हात: डावा पसरला की डावीकडे, उजवा पसरला की उजवीकडे, मूठ वर म्हणजे सगळं ठीक, तळहात खाली दाबला की खाली चला. मास्तर तोंडाने इंजिनाचा आवाज काढत आणि मी हात पसरून त्यांना कपाटाभोवती फिरवून आणत असे. विमानात माझ्या पायांमध्येही एक दांडा असणार होता, कारण शिकवणीच्या विमानात दोन्ही खुर्च्यांना दांडा असतो. त्याला बोट लावायचं नाही, हे मास्तरांनी मला सात वेळा बजावलं. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या की आम्ही नाटकाची तालीम चाललीय असं दाखवत असू, आणि तेवढं तरी खरं होतं.

त्या आठवड्यात भांडी पुसताना बाईंनी मला विचारलं, ‘त्यांना नीट दिसतं ना हो?’

‘या, या,’ मी म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’. एकदाच ‘या’ म्हटलं असतं तर कदाचित खपलं असतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बशी पुन्हा धुवायला घेतली.

मला भूक लागेना. बोगद्यातल्या हवेच्या नोंदी चुकायला लागल्या. क्लबात जाऊन सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी मास्तर विचारत, ‘हेर डॉक्टर, तालीम?’ की मी खुर्ची ओढायचो. शनिवारी मी घरी एक पत्र लिहिलं. प्रकृती उत्तम आहे, हवा छान आहे, उद्या एका विमानातून फेरफटका मारायला जाणार आहे. ‘फेरफटका’ हा शब्द खोडून पुन्हा तोच लिहिला.

रविवारी दुपारी मैदानावर चांगली दोन-तीनशे माणसं होती. केकची टेबलं, बिअर, बाई तिथे केक कापायला. पाच विमानं रांगेत. आमचं पिवळं, दुसरं सुटणारं. शेवटचं सुटणारं लाल, एका दातांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या पुढच्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती, टोपीखाली केस कोंबत.

आमचा पंखा कोणीतरी हाताने फिरवला, इंजिन खोकलं आणि सुरू झालं. कानात मास्तरांचा आवाज आला, इतका जवळून की ते माझ्याच डोक्यात बसलेत असं वाटावं. ‘घाबरलात?’ मी मूठ वर केली. तालमीत या प्रश्नाला हीच एक खूण होती.

पहिला मनोरा मी त्यांना आणून दिला. डावा हात, थोडा अजून, मूठ. वारा हात मागे ओढत होता, खांदा निखळेल असं वाटे. मास्तर मात्र खुशीत होते. वळण घेताना विमान असं अलगद कलंडे की भीती वाटायची राहून जाई. ते सारखे बोलत होते, खालची नदी, शेतं, अमुक वर्षी इथे एक पोरगा कसा बटाट्याच्या शेतात उतरला. नदी त्यांना दिसत नव्हती, पण ती कुठे असणार हे त्यांना पाठ होतं. दुसरा मनोरा गेला. ‘आपण पुढे आहोत का?’ त्यांनी विचारलं. आम्ही पहिल्या विमानाला गाठलं होतं. मी मूठ वर केली आणि खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मी सगळं विसरलो. मला जिंकायचं होतं.

तिसऱ्या मनोऱ्याकडे वळलो तर सूर्य थेट समोर. खाली राइन नदीचं धुकं, वर पिवळा उजेड. मनोरा मला दिसला. मग उजवीकडे, आमच्यापेक्षा थोडं वर, लाल विमान दिसलं. ते त्याच मनोऱ्याकडे उतरत येत होतं. त्याच्या खालच्या पंखाआड आम्ही त्यांना दिसणं शक्य नव्हतं. हिशेब अगदी चोख ठरला होता.

मी डावा हात पसरला.

‘मनोरा कुठे आहे?’ कानात मास्तर.

मी हात हलवला, तळहात खाली दाबला, पुन्हा पसरला. लाल विमानाची चाकं आता वेगवेगळी दिसत होती.

‘हेर डॉक्टर, उन्हात तुमचा नुसता काळा गोळा दिसतोय. हात कोणता? उजवा?’

मी ओरडलो. मराठीत ओरडलो, जर्मनमध्ये ओरडलो, वडिलांना हाक मारली. एकही शब्द माझ्या दातांपलीकडे गेला नाही. आमचं विमान उजवीकडे कलंडायला लागलं, लाल विमानाच्या दिशेने. तेव्हा मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पुढे ढकलला.

पट्ट्यांनी खांदे कापले. आणि कानात मास्तरांचा आवाज, शांत, अजिबात न चढलेला: ‘सोडा. माझ्याकडे आहे.’

मी सोडला. शिकाऊच्या हाताने दांडा असा ढकलला गेला की त्याने काहीतरी पाहिलंय, हे त्या माणसाला बोटांतूनच कळलं असावं. त्यांनी दांड्याशी झुंज घेतली नाही. मी सुरू केलेली बुडी आणखी खोल नेली आणि डावीकडे वळवली. माझ्या डोक्यावरून दोन चाकं गेली. एका टायरवर गवताची काडी चिकटलेली होती. जळक्या तेलाचा वास आला आणि मग नुसतं आकाश.

मनोऱ्याच्या चुकीच्या बाजूने गेल्यामुळे आम्ही शर्यतीतून बाद झालो होतो; ते मला कळत होतं, त्यांना कळलं होतं की नाही देव जाणे. मग आवाज आला. ‘दुसरं विमान?’

मी मान हलवली.

‘किती जवळ होतं?’

मी आमच्या पंखाकडे बोट केलं आणि एक बोट वर धरलं. एका पंखाएवढं.

‘गेनाऊ, बरोबर,’ मास्तर म्हणाले. त्यानंतर मैदान येईपर्यंत नळीतून फक्त त्यांचा श्वास येत होता. उतरवलं त्यांनी सुंदर.

पाय जमिनीला लागतात तोच दातांचे डॉक्टर धावत आले. त्यांचा चेहरा त्यांच्या विमानापेक्षा लाल होता. मागून क्लबचे अध्यक्ष, मागून आणखी दहाजण. ‘माझ्या बायकोने खाली पाहिलं तेव्हा तुम्ही पायाखाली होतात. तुम्ही मला पाहिलं नाही?’

मास्तरांनी तोंड उघडलं. पण अध्यक्षच माझ्याकडे वळले. ‘की या तरुणाने घाबरून दांडा धरला? होतं असं कधीकधी.’

केवढी सोय होती ती. घाबरट परदेशी पाहुणा, नुसतं मान खाली घालायचं काम. मला तो भाग उत्तम वठवता आला असता. मी चेहराही करायला घेतला होता. खालचा ओठ थरथरवायला सुरुवात केली होती. मास्तर माझ्याकडे बघत होते, आणि एवढ्या जवळून त्यांना माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. ते काहीच सुचवत नव्हते, हीच पंचाईत होती.

डॉक्टरांची बायको तेवढ्यात येऊन पोचली. टोपी काढली होती, केस सगळे उभे, गॉगलच्या कडेने तोंडावर काजळीची वर्तुळं. ती हसत होती. हसू तिला आवरत नव्हतं. तिने मला विचारलं, ‘तुम्हीसुद्धा देवाचं नाव घेतलंत का?’

‘त्यांनी तुम्हाला पाहिलं नाही,’ मी म्हणालो. ‘त्यांना दूरचं दिसत नाही. तक्त्यावरची अक्षरं मी त्यांच्याकडून पाठ करून घेतली. दांडा मीच धरला, पण त्यासाठीच धरला.’ माझं जर्मन एरवी वाईट होतं. ही चारही वाक्यं बिनचूक आली.

सगळे मास्तरांकडे बघू लागले. त्यांनी कातडी जाकिटाच्या आतल्या खिशातून परवान्याचं पुस्तक काढलं, अध्यक्षांच्या हातात ठेवलं आणि हातमोजे काढत काढत बाईंच्या टेबलाकडे चालू लागले. मधल्या दोरीला ते अडखळले. कोणी पुढे झालं नाही.

बाईंनी त्यांना काही विचारलं नाही, मला विचारलं. ‘तुम्ही माझ्या टेबलावर जेवत होतात आणि सांगत होतात, या, या.’ मी टेबलावरच्या उष्ट्या बशा गोळा करायला घेतल्या.

त्यांनी मला घर सोडायला सांगितलं नाही. मी रोज वाट बघायचो की आज सांगतील. मास्तर ‘शुभ सकाळ’ म्हणत, ‘हेर डॉक्टर’ गाळून. तळघराचं दार लावून घेत. रविवारी ते मैदानावर जात नसत. खिडकीशी बसून रेडिओ ऐकत, आणि एखादं विमान वरून गेलं की आवाज मोठा करत. मी हळू चालायचो, पाणी हळू सोडायचो. दुसरी खोली शोधावी असं मनात येई, पण ते म्हणजे पळून जाणं झालं असतं, आणि एवढं करून पळून जायचं मला जमेना.

जानेवारीत बाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी खाली आलो तर मास्तर स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे सुरी दाखवली. मी बसलो, दुसरी सुरी घेतली. दोन-तीन बटाटे झाले.

‘त्या दिवशी तुम्ही मला एक बोट दाखवलंत,’ ते म्हणाले. ‘एक पंख.’

‘हो.’

‘ते खरं होतं?’

मी हातातला बटाटा फिरवत राहिलो. ‘नाही. अर्ध्या पंखाएवढंही नव्हतं. मी हात वर केला असता तर टायरला लागला असता.’

मास्तरांनी मान हलवली. सुरीचं पातं सालाखालून एकसारखं फिरत राहिलं, साल न तुटता लांब होत गेलं.

‘मला वाटलंच,’ ते म्हणाले. ‘आवाजावरून वाटलं होतं.’ मग थोड्या वेळाने, ‘दातांच्या डॉक्टरांची बायको... ती त्यानंतर बसली का हो पुन्हा विमानात?’

‘मला माहीत नाही, मास्तर.’

‘विचारा कोणालातरी.’ त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं. ‘आणि जाड सोलताय, हेर डॉक्टर. अर्धा बटाटा सालात चाललाय.’